सबनेट मास्कचा मूळ हेतू

१

संगणक-नेटवर्कांवरील पाठ्यपुस्तकांत सबनेट मास्कविषयी एक समजूत इतकी रूढ झाली आहे की, तिचा पुरावा मागण्याची आवश्यकता सहसा कोणास वाटत नाही. इंटरनेटवरील पत्ते अपुरे पडू लागले, तेव्हा पत्त्यांची उधळपट्टी थांबविण्यासाठी मोठ्या नेटवर्कचे लहान लहान तुकडे पाडण्याची युक्ती निघाली आणि त्या तुकड्यांच्या सीमा दाखविण्यासाठी मास्क आला, अशी ती समजूत आहे. ही कथा ऐकावयास सुसंगत वाटते. परंतु १९८४ व १९८५ ह्या दोन वर्षांतील मूळ टिपणे चाळून पाहिली म्हणजे ती टिकत नाही. मास्क जन्मास आला तेव्हा पत्त्यांची टंचाई हा प्रश्न ऐरणीवर आलेलाच नव्हता. प्रश्न होता तो दूरस्थ राउटरांच्या स्मरणशक्तीचा, आणि एखाद्या संस्थेच्या अंतर्गत रचनेची वार्ता तिच्या कुंपणाबाहेर जाऊ द्यावी की नाही, ह्याचा. पत्त्यांच्या काटकसरीचे काम मास्ककडे आले ते सात-आठ वर्षांनंतर, आणि तेही मूळ व्यवस्था एका अर्थी उलटी फिरवून. हा भेद केवळ कालानुक्रमाचा नाही. तो ध्यानात न घेतल्यास मास्क पॅकेटाबरोबर प्रवास का करीत नाही, आणि पुढे मार्गांच्या घोषणेबरोबर तो का प्रवास करू लागला, ह्या दोन्ही गोष्टी विद्यार्थ्याला पाठ कराव्या लागतात. त्या उमजत नाहीत.

२

इंटरनेटवरील पत्ता म्हणजे ३२ बिटांची एक सलग ओळ. लिहिण्याच्या सोयीसाठी तिचे आठ-आठ बिटांचे चार गट करून ते दशमान अंकांत व मध्ये टिंबे देऊन मांडतात. तथापि त्या टिंबांना अर्थ नाही, ती केवळ वाचणाऱ्याच्या डोळ्यांची सोय आहे. अर्थ आहे तो वेगळ्याच एका सीमेला. पत्त्याचा डावीकडील भाग यंत्र कोणत्या नेटवर्कात आहे ते सांगतो, आणि उजवीकडील भाग त्या नेटवर्कातील ते यंत्र कोणते हे सांगतो. पत्राच्या पाकिटावर गाव आणि घर ह्यांसाठी वेगळ्या ओळी असतात. येथे सर्व अक्षरे एकाच ओळीत, एकही जागा न सोडता लिहिलेली आहेत, असे समजावे.

अशा ओळीचे वाचन हा भाषाभ्यासकांना अपरिचित प्रश्न नव्हे. कथासरित्सागरात सातवाहन राजाची जी गोष्ट आहे तिचे मर्म हेच. जलक्रीडेच्या वेळी राणीने ‘मोदकैः’ म्हटले, तेव्हा तिला ‘मा उदकैः’, पाण्याने नको, असे सांगावयाचे होते. राजाने मोदक मागविले. ध्वनींची ओळ एकच होती. सीमा कोठे पाडावयाची ते त्या ओळीत नव्हते. ते ऐकणाराच्या व्याकरणज्ञानात असावयास हवे होते. पत्त्याच्या ओळीतील सीमा कोणी, कोठे व कोणाला सांगावी, ह्या प्रश्नाला वेळोवेळी दिलेली उत्तरे म्हणजेच मास्कचा इतिहास होय.

प्रारंभी प्रश्न पडण्याचे कारणच नव्हते, कारण सीमा कायमची ठरलेली होती. अर्पानेटच्या आरंभीच्या काळात पत्ता अवघ्या ८ बिटांचा होता. त्यांतील ६ बिट संदेश वाहून नेणाऱ्या यंत्राचे आणि २ बिट त्या यंत्रास जोडलेल्या संगणकाचे. १९७४ च्या मे महिन्यात व्हिन्टन सर्फ व रॉबर्ट कान ह्यांनी भिन्न भिन्न नेटवर्कांस परस्परांशी जोडण्याची जी योजना प्रसिद्ध केली, तिच्यात नेटवर्कच्या क्रमांकासाठी ८ बिट राखलेले होते. एवढ्यात २५६ नेटवर्के मावतात आणि नजीकच्या काळास ती पुरेशी आहेत, असे त्यांचे मत होते. ह्या मतास आज हसणे सोपे आहे. पण त्या वेळी नेटवर्क ह्या शब्दाने देशभर पसरलेले, सरकारी खर्चाने उभारलेले एखादे अवाढव्य जाळेच डोळ्यांपुढे येत असे, आणि तशी जाळी जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. जानेवारी १९८० च्या इंटरनेट प्रोटोकॉलच्या मसुद्यात पत्ता ३२ बिटांचा आहे; सीमा मात्र अद्याप आठव्या बिटानंतरच आहे.

हे चित्र इथरनेटने पालटले. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात १९७३ पासून विकसित होत आलेले हे तंत्र १९८० साली डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स ह्या तीन कंपन्यांच्या संयुक्त विनिर्देशाच्या रूपाने खुले झाले, आणि एका इमारतीपुरते, क्वचित एका मजल्यापुरतेही नेटवर्क असू शकते, हे दिसून आले. २५६ ची मर्यादा एकाएकी तोकडी झाली. सप्टेंबर १९८१ मध्ये जॉन पोस्टेल ह्यांच्या संपादनाखाली निघालेल्या प्रोटोकॉलच्या विनिर्देशाने ह्यावर जो उपाय काढला तो वर्गव्यवस्थेचा. पत्त्याचा पहिला बिट ० असेल तर सीमा आठव्या बिटानंतर. प्रारंभीचे दोन बिट १० असतील तर सोळाव्यानंतर. प्रारंभीचे तीन बिट ११० असतील तर चोविसाव्यानंतर. हे अनुक्रमे ‘ए’, ‘बी’ आणि ‘सी’ वर्ग. ‘ए’ वर्गाच्या एका नेटवर्कात १,६७,७७,२१६ पत्ते, ‘बी’ मध्ये ६५,५३६ आणि ‘सी’ मध्ये २५६.

ह्या योजनेची निंदा करण्याची आज प्रथा आहे. निंदेत तथ्य आहेच, परंतु तिचे एक सौंदर्य दुर्लक्षिले जाते. वर्गव्यवस्थेतील पत्ता स्वतःचे व्याकरण स्वतःच सांगतो. कोणत्याही देशातील कोणत्याही राउटरने केवळ पत्ता पाहावा आणि सीमा ओळखावी. त्यास अन्य कोणास काही विचारावे लागत नाही, अन्य कोठली नोंद ठेवावी लागत नाही. हा गुण एकदा सोडला की सीमेचे ज्ञान पत्त्याबाहेर कोठेतरी साठविणे भाग पडते, आणि मग ते साठवावयाचे कोठे, हा वाद सुरू होतो.

३

तो वाद विद्यापीठांत सुरू झाला. एकेका विद्यापीठात आता एक नव्हे, अनेक इथरनेट-जाळी होती : एक संगणकशास्त्र विभागाचे, एक विद्युत अभियांत्रिकीचे, एक ग्रंथालयाचे. प्रत्येक जाळ्याला स्वतंत्र नेटवर्क-क्रमांक मागून घेणे हा सरळ मार्ग होता. ‘सी’ वर्गाचे वीस लाखांहून अधिक क्रमांक शिल्लक पडलेले होते. तेव्हा क्रमांक मिळण्यात अडचण नव्हती. अडचण होती ती अशी की, इंटरनेटच्या मध्यवर्ती राउटरांना (त्या काळी त्यांस ‘गेटवे’ म्हणत) प्रत्येक नेटवर्क-क्रमांकासाठी आपल्या मार्गसारणीत एक स्वतंत्र ओळ ठेवावी लागे. एखाद्या विद्यापीठाने चाळीस जाळी टाकली तर चाळीस ओळी. त्या चाळीसही जाळ्यांकडे जाणारा बाहेरील मार्ग एकच असला, तरी ओळी चाळीसच. शिवाय विद्यापीठाने एखाद्या मजल्यावरील तार हलविली तरी त्याची वार्ता देशभर पसरणार, आणि ती पसरेपर्यंत संदेश भलतीकडे जाणार.

ऑक्टोबर १९८४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेफ्री मोगुल ह्यांनी ‘इंटरनेट सबनेट्स’ हे टिपण अभिप्रायार्थ प्रसृत केले. इंटरनेटच्या जडणघडणीतील बहुतेक महत्त्वाची कागदपत्रे ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’ ह्या मालिकेतून अशाच रीतीने निघाली. त्या मालिकेतील हे ९१७ वे. बाहेरच्या जगाला संस्थेचा एकच नेटवर्क-क्रमांक दिसावा आणि उरलेल्या बिटांची आपल्या घरात वाटणी कशी करावयाची ते संस्थेने स्वतः ठरवावे, हा त्याचा गाभा. पत्त्यातील जुनी सीमा जागीच राहते. तिच्या उजवीकडे आणखी एक सीमा येते, आणि ती केवळ घरातल्यांनाच ठाऊक असते.

पुढचे सात-आठ महिने हा विषय चांगलाच तापलेला दिसतो. त्याच ऑक्टोबरमध्ये पोस्टेल ह्यांनी वेगळी वाट सुचविली : यंत्रांना विभागणीचा पत्ताच लागू देऊ नये, जाळ्यांना जोडणाऱ्या पेट्यांनीच एका जाळ्यातील पुकारा दुसऱ्या जाळ्यात पोहोचवून सर्व मिळून एकच जाळे असल्याचा आभास निर्माण करावा. जानेवारी १९८५ मध्ये एम.आय.टी.चे डेव्हिड क्लार्क ह्यांनी अशी योजना मांडली की, जिच्यात यंत्रांतील प्रणालीला बहुतांश हात लावावा लागत नाही. त्याचे मोल म्हणून सर्व गेटवे बदलावे लागतात आणि सबनेटांची संख्या मर्यादित राहते. फेब्रुवारीत बर्कलीचे मायकेल कॅरेल्स ह्यांनी आणखी एक पद्धत पुढे केली. ह्या सर्वांचे उद्दिष्टाविषयी एकमत होते. संस्थेची गुंतागुंत संस्थेतच राहावी, बाहेर एकच मार्ग दिसावा, हे चौघेही गृहीत धरतात. मतभेद होता तो विभागणीचे ज्ञान कोणावर लादावे एवढ्याबद्दलच. यंत्रे हजारो, निरनिराळ्या कारखानदारांची, आणि त्यांची प्रणाली बदलणे हे विद्यापीठाच्या हाती नाही, गेटवे मोजके. तरीही एप्रिल १९८५ च्या अहवालात गेटवेविषयक कार्यगटाने उघड विभागणीच्या, म्हणजे प्रत्येक यंत्राला आपली सीमा ठाऊक असण्याच्या, बाजूने कौल दिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मोगुल व पोस्टेल ह्यांच्या संयुक्त नावाने ९५० क्रमांकाचे टिपण निघाले, आणि तेच प्रमाण ठरले.

सीमा सांगण्याचे चार प्रकार त्या चर्चेत विचारात घेतलेले आढळतात. सबनेटचे क्षेत्र सर्वांसाठी ठराविक रुंदीचे मानणे हा एक. तो ‘सी’ वर्गाला लागू पडत नाही, कारण तेथे मुळात आठच बिट हाती असतात. क्षेत्राने आपली रुंदी स्वतःच्याच आरंभीच्या बिटांत सांगावी, हा दुसरा. वर्गव्यवस्थेचेच हे लहान प्रतिबिंब. रुंदीचा आकडा वेगळा नोंदवून ठेवावा, हा तिसरा. आणि चौथा म्हणजे पत्त्याइतकीच, ३२ बिटांची एक दुसरी ओळ घ्यावी, जेथे नेटवर्क वा सबनेटचा बिट असेल तेथे १ आणि जेथे यंत्राचा असेल तेथे ० लिहावा. ही दुसरी ओळ म्हणजे मास्क. चौथा प्रकार निवडला गेला, ह्याचे एक कारण अगदी व्यावहारिक आहे : दोन ओळींची बिटागणिक ‘आणि’-क्रिया हा त्या काळच्या कोणत्याही संगणकाचा एका आज्ञेचा खेळ होता.

४

ही क्रिया प्रत्यक्ष करून पाहणे उपयुक्त ठरेल. खासगी वापरासाठी राखून ठेवलेल्या मालिकेतील १७२.१६.७७.१३० हा पत्ता घ्यावा, आणि मास्क २५५.२५५.२५५.१९२. पहिल्या तीन गटांत मास्कचे सर्व बिट १ असल्यामुळे पत्ता तसाच उतरतो. चौथ्या गटात १३० म्हणजे १०००००१० आणि १९२ म्हणजे ११००००००. जेथे दोन्हीकडे १ तेथेच १ ठेवला की उरते १०००००००, म्हणजे १२८. सबनेट निघाले १७२.१६.७७.१२८, आणि त्यातील हे यंत्र क्रमांक २. ह्या यंत्रास १७२.१६.७७.२० कडे पॅकेट पाठवावयाचे आहे असे समजू. ते त्या पत्त्यालाही आपलाच मास्क लावते; उत्तर येते १७२.१६.७७.०. दोन उत्तरे जुळत नाहीत, तेव्हा समोरचे यंत्र आपल्या तारेवर नाही, हे निश्चित झाले आणि पॅकेट राउटरच्या स्वाधीन केले गेले. उत्तरे जुळली असती तर राउटरला मध्ये न घेता थेट तारेवर पुकारा करून गाठता आले असते.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. पॅकेटावर पाठविणाराचा पत्ता असतो, घेणाराचा असतो. मास्क कोणाचाच नसतो. घेणाऱ्याच्या जाळ्यात कोणता मास्क चालतो हे पाठविणाऱ्याला ठाऊक नसते आणि असण्याचे कारणही नाही. मास्क ही स्थानिक बोलीची खूण आहे. म्हणूनच ती चुकली तर होणारा दोष विचित्र स्वरूपाचा असतो. वरील यंत्रावर २५५.२५५.२५५.१९२ च्या जागी कोणी २५५.२५५.२५५.० असा मास्क लिहिला तर समुद्रापलीकडचे संगणक त्याला सुरळीत भेटतात, पण पलीकडच्या खोलीतील १७२.१६.७७.२० भेटत नाही. ते आपल्याच तारेवर आहे ह्या समजुतीने यंत्र पुकारे करीत बसते, आणि त्या तारेवर त्या नावाचे कोणीच नसते. सातवाहनाची चूक ती हीच.

मूळ हेतूचा पुरावाही ९५० व्या टिपणाच्या तपशिलात आहे. सर्व शून्ये आणि सर्व एकक असलेले सबनेट-क्रमांक प्रत्यक्ष जाळ्यांना देऊ नयेत, असे ते सांगते. ‘हे जाळे’ आणि ‘सर्व जाळी’ ह्या विशेष अर्थांसाठी ते राखलेले. परिणाम असा की, दोन बिटांचे क्षेत्र घेतले तर चारपैकी दोन सबनेट, म्हणजे निम्मे पत्ते, वाया जातात. एकच बिट घेतला तर एकही सबनेट उरत नाही. काटकसर हे उद्दिष्ट असणाऱ्या कोणी असा नियम केला नसता. (हा नियम कालबाह्य झाल्याचे नमूद व्हावयास १९९५ चा डिसेंबर उजाडला.) दुसरा पुरावा खुद्द स्टॅनफर्डचा. त्या विद्यापीठाकडे ‘ए’ वर्गाचा ३६ हा क्रमांक होता, आणि त्यात आठ बिटांचे सबनेट-क्षेत्र कल्पिले होते. म्हणजे मास्क २५५.२५५.०.०. त्यायोगे प्रत्येक जाळ्याच्या वाट्यास ६५,५३६ पत्ते आले. इथरनेटच्या विनिर्देशाप्रमाणे एका जाळ्यात अधिकात अधिक १,०२४ यंत्रे जोडता येत. एक हजार माणसांच्या वस्तीसाठी पासष्ट हजार घरांचे क्रमांक राखून ठेवणारा मनुष्य टंचाईच्या चिंतेत आहे, असे म्हणवत नाही.

एक आक्षेप मात्र विचारार्ह आहे. नेटवर्क-क्रमांक हेही अखेर मर्यादितच. ते वाचविणे म्हणजे एक प्रकारची काटकसरच नव्हे काय? असेल, परंतु ती क्रमांकांची काटकसर झाली, पत्त्यांची नव्हे. पाठ्यपुस्तके ह्या दोहोंची गल्लत करतात. १९८५ मध्ये सबनेट केल्याने मार्गसारणीतील ओळी वाचत आणि पत्ते सढळ हाताने खर्च होत.

५

त्या टिपणात एक स्वातंत्र्य दिलेले होते, जे पुढे काढून घेतले गेले. मास्कमधील एकक सलग असावेत अशी शिफारस होती, सक्ती नव्हती. परिशिष्टात ‘सी’ वर्गाच्या एका नेटवर्कासाठी २५५.२५५.२५५.८८ असा मास्क उदाहरणादाखल दिला आहे. ८८ म्हणजे ०१०११०००. सबनेटचे तीन बिट, पण मध्ये एक बिट यंत्राचा घुसलेला. अशा मास्कात सीमा ही एक रेषा राहत नाही, ती विखुरते. संस्कृत व्याकरणात धातूच्या पोटात शिरणारा आगम असतो, तसा हा प्रकार. वैयाकरणाला तो मोह पाडील, नेटवर्क सांभाळणाऱ्याला मात्र शाप वाटेल, कारण कोणती यंत्रे शेजारी आणि कोणती परकी हे आकड्यांवरून डोळ्यांना कळेनासे होते.

तरीही ह्या स्वातंत्र्यातून एक सुंदर कल्पना निघाली. एप्रिल १९९१ मध्ये पॉल त्सुचिया ह्यांनी सबनेट-क्रमांक वाटण्याची रीत सुचविली. सीमा आज कोठे पाडावी हे ठरविणे कठीण, कारण उद्या जाळी वाढतील की यंत्रे, हे कोणास माहीत? तेव्हा यंत्रांचे क्रमांक नेहमीप्रमाणे उजवीकडून वाढू द्यावेत, आणि सबनेटांचे क्रमांक आरशातल्या प्रतिबिंबाप्रमाणे डावीकडून. मधले बिट दोन्ही बाजूंनी रिकामे राहतात. गरज पडेल तेव्हा मास्कची सीमा त्या रिकाम्या पट्ट्यात इकडे-तिकडे सरकवावी. एकाही यंत्राचा पत्ता बदलावा लागत नाही. पत्ता आणि सीमा ह्या दोन भिन्न वस्तू आहेत, हे जाणल्याचा ह्याहून नेमका दाखला त्या काळच्या टिपणांत सापडणे कठीण.

यंत्राला आपला मास्क कळावा कसा, ह्याचीही तजवीज ९५० व्या टिपणात होती. नव्याने सुरू झालेल्या यंत्राने तारेवर एक विशेष संदेश पाठवून मास्क विचारावा आणि गेटवेने तो सांगावा. ह्या प्रश्नोत्तरास १७ व १८ हे संदेश-क्रमांक दिले होते. बर्कलीच्या युनिक्स-प्रणालीच्या १९८६ च्या आवृत्तीत सबनेटची सोय आली, आणि मास्क हा शब्द विद्यापीठांच्या संगणककक्षांत नित्याचा झाला.

एका संस्थेत सर्वत्र एकच मास्क, ही सुरुवातीची अडचण. दोन राउटरांना जोडणाऱ्या तारेवर दोनच पत्ते लागतात. तिलाही ग्रंथालयाइतकाच तुकडा द्यावा लागे. १९८७ च्या गेटवेविषयक टिपणाने एकाहून अधिक मास्क वापरण्यास मुभा दिली. पण त्या काळी सर्वाधिक प्रचारात असलेला ‘रिप’ हा मार्गघोषणेचा प्रोटोकॉल सबनेटचा क्रमांक सांगे, मास्क सांगत नसे. ऐकणारा राउटर आपल्याच मास्काने तो वाचून मोकळा होई. मास्क सोबत नेणारा ‘ओस्पफ’ प्रोटोकॉल १९८९ मध्ये आला. ‘रिप’ची सुधारलेली आवृत्ती १९९३ मध्ये.

६

ऑगस्ट १९९० मध्ये व्हँकूव्हर येथे इंटरनेट अभियांत्रिकी कार्यगटाची बैठक भरली असता असा अंदाज मांडण्यात आला की, ‘बी’ वर्गाचे क्रमांक वाटपाच्या त्या वेगाने मार्च १९९४ पर्यंत संपतील. टंचाई इतिहासात प्रवेश करते ती येथे. दोन हजार यंत्रांच्या संस्थेला ‘सी’ वर्गाचे २५६ पत्ते अपुरे आणि ‘बी’ वर्गाचे ६५,५३६ अवाजवी. पण मधले काही नसल्यामुळे सर्वांची धाव ‘बी’ कडेच असे. त्यांना ‘सी’ वर्गाचे आठ-आठ क्रमांक द्यावेत म्हटले तर मार्गसारणीत एकाच्या जागी आठ ओळी. म्हणजे १९८४ चेच दुखणे, पण आता दोन्ही बाजूंनी : पत्ते वाचवावेत तर राउटर बुडतो, राउटर वाचवावा तर पत्ते संपतात.

जून १९९२ मध्ये विन्स फुलर, टोनी ली, जेसिका यू आणि कण्णन वरदन ह्यांनी जी योजना मांडली, ती मास्कला मूळ सीमेच्या दुसऱ्या बाजूस घेऊन गेली. सबनेटात मास्कची सीमा वर्गाच्या सीमेच्या उजवीकडे सरकते. येथे ती डावीकडे सरकली. त्यांच्याच उदाहरणातील १९२.२४.०.० ते १९२.२४.७.० हे ‘सी’ वर्गाचे आठ क्रमांक घ्यावेत. त्यांचे पहिले २१ बिट समान आहेत. २५५.२५५.२४८.० हा मास्क लावला की आठही एकाच ओळीत वाचता येतात. सेवा पुरविणाऱ्या कंपनीकडे १९२.२४ पासून १९२.३१ पर्यंतचे २,०४८ क्रमांक असतील तर २५५.२४८.०.० ह्या मास्कासह तिची घोषणा एकच. सप्टेंबर १९९३ मध्ये ही योजना वर्गविरहित मार्गनिर्धारण म्हणून प्रमाणाच्या वाटेस लागली आणि वर्ग मोडीत निघाले.

ह्यास सबनेटचाच विस्तार म्हणण्याची पद्धत आहे. अंकगणितापुरते ते बरोबर आहे. परंतु मास्कच्या सामाजिक स्थानात (हा शब्द येथे अयोग्य वाटू नये) जो पालट झाला तो मूलगामी होता. सबनेटचा मास्क ही घरातली गोष्ट होती. बाहेरच्यांना ती कळू नये ह्यातच तिची सार्थकता होती. आता पत्त्याच्या पहिल्या बिटांवरून सीमा ओळखण्याची सोय गेल्यामुळे प्रत्येक मार्गाच्या घोषणेसोबत तिची सीमा जाहीर करणे अनिवार्य झाले. संस्थांदरम्यान मार्ग कळविणाऱ्या ‘बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल’ची तिसरी आवृत्ती हे करू शकत नव्हती, १९९४ ची चौथी आवृत्ती त्यासाठीच निघाली. जे झाकावयाचे म्हणून निर्माण झाले, ते जगभर पुकारण्याची वेळ आली.

त्याबरोबर एक नवे संदिग्धत्वही आले. वरील आठ क्रमांकांची संस्था आपले पत्ते कायम ठेवून दुसऱ्या कंपनीकडे गेली तर जुनी कंपनी २५५.२४८.०.० चा व्यापक मार्ग पुकारीत राहते आणि नवी २५५.२५५.२४८.० चा विशिष्ट. एकाच पत्त्याला दोन ओळी लागू पडतात. नियम असा की, अधिक बिट जुळणारी ओळ प्रमाण मानावी. सामान्य नियमास विशेष नियम बाधतो, हे तत्त्व येथील व्याकरणपरंपरेला नवे नाही. राउटरला मात्र लक्षावधी ओळींतून सर्वांत लांब जुळणी क्षणार्धात शोधावी लागते. बर्कलीचे कीथ स्क्लोवर ह्यांनी ह्या कामासाठी जी वृक्षरचना बसविली, तिचे मूळ डोनाल्ड मॉरिसन ह्यांच्या १९६८ च्या शब्दशोधन-पद्धतीत आहे; म्हणजे कोशवाङ्मयात शब्द शोधण्याच्या तंत्राचाच हा दूरचा नातलग. स्क्लोवर ह्यांच्या रचनेत विखुरलेल्या मास्कालाही जागा होती. जून १९९५ च्या राउटरविषयक टिपणाने मार्ग हा नेहमी सलग उपसर्ग म्हणूनच वाचावा अशी अपेक्षा ठेवली, आणि ८८ सारख्या मास्कांचा काळ संपला. सीमा पुन्हा एक रेषा झाली. रेषा सांगण्यास एकच आकडा पुरतो. म्हणून २५५.२५५.२४८.० च्या जागी /२१ असे लिहिण्याचा प्रघात पडला. १९८५ च्या चर्चेत मागे पडलेला, ‘रुंदीचा आकडा नोंदवावा’ हा तिसरा प्रकार असा दहा वर्षांनी मागील दाराने परत आला.

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह प्रमुख शहरांत सार्वजनिक इंटरनेट-सेवा सुरू केली तेव्हा ही उलथापालथ होऊन गेली होती. मे १९९३ च्या वाटपधोरणात २०२ व २०३ ने आरंभ होणारे पत्ते आशिया-प्रशांत विभागासाठी राखलेले होते. निगमाचे पत्तेही २०२.५४ ह्या मालिकेतले. जुन्या व्याकरणाने ही ‘सी’ वर्गाची २५६ स्वतंत्र नेटवर्के होत. नव्या व्याकरणात त्यांना /१६ च्या एका ओळीत गोवता येते. भारतातील सामान्य ग्राहकाने वर्गव्यवस्था प्रत्यक्षात कधी पाहिलीच नाही. तरीही ए, बी, सी हे वर्ग येथील प्रश्नपत्रिकांत अद्याप विचारले जातात. व्यवहारातून लुप्त झालेल्या विभक्तीचे प्रत्यय पाठ करून घ्यावेत, तसा हा प्रकार आहे.

वर्गविरहित पद्धतीने मिळवून दिलेली मुदत पुष्कळच लांबली. पत्त्यांचा मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला. मार्गसारणीचे दुखणे मात्र शमले नाही. १२ ऑगस्ट २०१४ रोजी जागतिक सारणीने सुमारे ५ लाख १२ हजार ओळींची मर्यादा ओलांडली, आणि तेवढ्याच ओळींची स्मृती असलेले जुने राउटर ठिकठिकाणी अडखळले. आज ती संख्या दहा लाखांच्या आसपास आहे. विशिष्ट मार्ग पुकारण्याची मुभा सर्वांनी मनमुराद वापरल्याचा हा परिणाम. १२८ बिटांच्या नव्या पत्त्यांत टिंबे देऊन लिहावयाचा मास्क नाहीच. तेथे केवळ तिरक्या रेघेपुढचा आकडा आहे. मास्क विचारण्याचे १७ व १८ क्रमांकांचे संदेश २०१३ मध्ये रीतसर निवृत्त करण्यात आले. स्टॅनफर्डने ३६ हा क्रमांक २००० साली परत केला. एम.आय.टी.ने आपल्या १८ क्रमांकाखालील सुमारे ८० लाख पत्ते २०१७ मध्ये विक्रीस काढले, आणि त्यांची वाटणी अर्थातच १९८१ च्या व्याकरणात न बसणाऱ्या सीमांवर झाली.